शिळी जत्रा

आष्टीच्या गहिनीनाथ पाळणेवाल्याला उभ्या आयुष्यात दोनच माणसांचा हेवा वाटला. एक होता नगरकडचा वीस डब्यांच्या पाळण्याचा मालक. तो वारला, आणि तो हेवा आपोआप सुटला. दुसरा त्याचा साडू परमेश्वर. तो चांगला धडधाकट आहे, चौसाळ्याला हायवेवर त्याचं खता-बियाण्याचं दुकान जोरात चालतं, आणि हा दुसरा हेवा सुटायचं नाव घेत नाही.

साडूचं दुकान, साडूची गाडी, साडूचा फरशी बसवलेला ओटा, हे सगळं गहिनीनाथनं कसंबसं पचवलं होतं. त्याला एका गोष्टीचा आधार होता. परमेश्वरला पाळण्याची भीती वाटायची. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत नवरानवरी म्हणून गहिनीनाथनं त्यांना कौतुकानं पाळण्यात बसवलं, तर दुसऱ्या फेऱ्याला हा पठ्ठ्या वरून ओरडायला लागला आणि उतरल्यावर उसाच्या गुऱ्हाळामागे जाऊन ओकला. ही हकिकत गहिनीनाथनं पुढं पंधरा वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर दहाव्यालाही सांगितली. माणसाला जगायला एवढंसं काहीतरी लागतंच.

गहिनीनाथचा पाळणा बारा डब्यांचा. बापाकडे हातानं फिरवायचा चार डब्यांचा लाकडी होता, ह्यानं लोखंडी केला, जनरेटर आणला. चैत्र लागला की आष्टीपासून गेवराईपर्यंत जत्रांमागून जत्रा. बायको मनिषा तिकिटाच्या खिडकीत बसायची आणि हा माणसं बसवायचा. माणसं बसवणं हे खरं कसब. नुसत्या नजरेनं वजन ओळखायचं, जाडजूड पाहुणा इकडे बसवला की तेवढ्याच वजनाच्या दोन बाया समोरच्या डब्यात. तोल चुकला की पाळणा हिसके देतो, मोटर तापते. म्हणून त्याचा एकच नियम होता, डबे भरल्याशिवाय पाळणा फिरायचा नाही.

जत्रेचा पहिला दिवस देवाचा, दुसरा कुस्त्यांचा. तिसऱ्या दिवसाला गहिनीनाथ शिळी जत्रा म्हणायचा. त्या दिवशी भेळ मऊ पडलेली असते, फुगेवाले निघून गेलेले असतात, आणि मैदानात दोन-चार रेंगाळलेली माणसं आशेनं पाळण्याकडे बघत उभी असतात. त्यांनी कितीही विनवण्या केल्या तरी हा जनरेटरला हात लावायचा नाही. मनिषाची तर गंमतच होती. भरल्या जत्रेत ती खिडकीत अडकलेली आणि शिळ्या जत्रेत पाळणा उभा, त्यामुळे सोळा वर्षांच्या संसारात ती घरच्या पाळण्यात एकदाही बसली नव्हती. तिनं कधी विचारलं नाही आणि ह्याच्या कधी डोक्यात आलं नाही.

गहिनीनाथच्या डोक्यात दुसरंच होतं. जपान, हाँगकाँग, सिंगापूरचे पाळणे तो सात-आठ वर्षं मोबाईलवर बघत होता. डोंगराएवढ्या उंच रुळांवरून उलट्या होणाऱ्या गाड्या, पाण्यात सूर मारणाऱ्या नावा, अंधाऱ्या बोगद्यातून सुटणारे डबे. कोणत्या पाळण्याची उंची किती, कोणता कधी बसवला, हे त्याला तोंडपाठ होतं. एकदा तरी जाऊन, खाली उभं राहून, ती यंत्रं डोळ्यांनी बघायची, म्हणून त्यानं पाच वर्षांमागे पासपोर्टही काढला. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवलेला होता. आतली पानं कोरी करकरीत होती.

अशा माणसाच्या घरी मार्च महिन्यात परमेश्वर सहकुटुंब आला आणि म्हणाला की ह्या सुट्टीत पोरीला तिकडचे पाळणे दाखवायचे ठरवलेत. चार शहरं. पोरगी वैष्णवी सहावीत होती, तिनं हट्ट धरला होता. विमानाचं, हॉटेलाचं बीडचा एक बुकिंगवाला बघणार होता. पण कोणत्या गावाला आधी जायचं, कोणत्या दिवशी काय बघायचं, हे त्या बुकिंगवाल्याला काय कळणार?

"दाजी, तुमीच सांगा आता," मेहुणी वर्षाराणी म्हणाली. "पाळण्यातलं तुमच्याएवढं आपल्यात कुणाला कळतंय?"

गहिनीनाथच्या पोटात कुणीतरी पेटती काडी टाकली. जो माणूस बारा डब्यांत ओकला, तो आता जपानला पाळण्यात बसणार, आणि त्याच्या सहलीचा बेत आपण आखायचा! मनिषानं चहा आणला. तो कडू आहे असं त्याला वाटलं, पण साखर बरोबर होती.

परमेश्वर तर इतका साधा की त्याला ह्यातलं काही दिसलंच नाही. उलट जाता जाता तो मोठ्या विश्वासानं म्हणाला, "साडू, तिकडं जत्रा कवा भरती तेवढं नीट बघा. भरल्या जत्रेतच जायचं. उभे पाळणे बघायला एवढ्या लांब कोण जातंय?"

झालं. गहिनीनाथला जे सुचत नव्हतं ते साडूनंच त्याच्या हातात दिलं.

आठ दिवस तो मोबाईल आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसला. एक मात्र कबूल करायला हवं, रस्त्याच्या बाबतीत त्यानं लबाडी केली नाही. तिथं त्याचा हातच वाकडा चालेना. जत्रांचा फेरा लावतात तसा त्यानं फेरा लावला: आधी सिंगापूर, मग हाँगकाँग, मग ओसाका, शेवटी टोकियो, मागं वळायचं काम नाही. आत गेल्यावर आधी कोणता पाळणा, जेवणावर लगेच कोणता घ्यायचा नाही, पोरीची उंची कुठं पुरेल, सगळं लिहिलं. लिहिताना तो इतका रंगला की दोन दिवस आपणच चाललोय असं त्याला वाटत राहिलं. मग कागदाच्या माथ्यावर साडूचं नाव घातलं आणि पुन्हा पोटात जळायला लागलं.

लबाडी केली ती दिवसांत. तिकडची मोठी सुट्टी एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते, हे त्यानं शोधून काढलं. त्या दिवसांतल्या चित्रफिती त्यानं बघितल्या होत्या. मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, तीन-तीन तासांच्या रांगा. ती गर्दी बघून त्याचे डोळे भरून यायचे. ही खरी भरली जत्रा! साडूला त्यानं बरोबर त्याच्या पुढचे दिवस दिले. सुट्टी संपलेली, आणि पाळण्यांचे दिवस तेवढे मंगळवार-बुधवार. शनिवार-रविवारी गाव हिंडा, देवळं बघा, असं लिहून टाकलं. अख्ख्या जगात कुठला मालक चार माणसांसाठी एवढं थोरलं यंत्र फिरवील? जातील बिचारे, उभ्या पाळण्यांसमोर फोटो काढतील आणि येतील. त्याला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तो एक भाकरी जास्त जेवला.

मनिषानं कागद वाचला. जन्म तिकिटाच्या खिडकीत गेलेली बाई ती, तिला दिवस कळत नाहीत होय? "सगळे मंगळवार-बुधवारच कावून?" तिनं विचारलं.

"त्यातलं तुला काय कळतंय," तो म्हणाला. तिनं कागद घडी करून ठेवून दिला.

मे महिन्यात साडू गेला. गहिनीनाथ जत्रेत पाळण्याखाली उभा राहून त्याचे स्टेटस बघायचा. विमानतळावर परमेश्वर, विमानात परमेश्वर, सिंगापुरात शेंगदाण्याची चटणी उघडून बसलेला परमेश्वर. मग एका मोठ्या पाळण्यासमोर तिघं. गहिनीनाथनं तो फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केला, पण फोटोत पाळणा फिरतोय की उभा आहे ते कळेना. मागे माणूस मात्र एकही नव्हता. त्याला बरं वाटलं. पुढं ओसाकाला पोचल्यावर चार दिवस स्टेटसच आला नाही, तेव्हा तर खात्रीच पटली. तोंड पाडून बसले असतील. त्या चार दिवसांत त्यानं गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलून घेतलं की मनिषाला काळजी वाटली.

हंगामातली शेवटची जत्रा उमापूरच्या बाजूला होती. तिचा तिसरा दिवस, ऊन कलत आलेलं, मैदान मोकळं. सकाळी पाळणा खोलायचा होता. तेवढ्यात साडूची गाडी धुरळा उडवत आली आणि तिघं उतरले. परमेश्वरचा चेहरा गहिनीनाथनं लांबूनच वाचायला घेतला, पण तो वाचायची गरजच पडली नाही. परमेश्वरनं येऊन त्याला मिठीच मारली. खता-बियाण्याच्या धंद्यातला माणूस असली मिठी मारत नाही.

मग तो बोलत सुटला. कुठं रांग म्हणून नव्हती. पोरगी एकेका पाळण्यात तीन-तीन वेळा बसली. हॉटेलात भेटलेलं पुण्याचं एक कुटुंब सुट्टीच्या गर्दीत येऊन दोन पाळणे बघून परत चाललं होतं. त्यांनी विचारलं, तुम्हाला हे दिवस कुणी काढून दिले? परमेश्वर म्हणाला, माझ्या साडूनं, ते ह्याच धंद्यातले आहेत.

गहिनीनाथच्या तोंडातून एवढंच आलं, "फिरवत होते? रिकामे?"

"रिकामे बी फिरवतात, साडू. एका संध्याकाळी ह्या दोघी थकल्या, मी एकटाच बसलो. सगळी गाडी माझ्या एकट्यासाठी सोडली त्यांनी. उतरलो तर तिथला माणूस वाकून नमस्कार करतोय. मला रडूच आलं." मग त्यानं हळूच पुस्ती जोडली, "आन् मी ओकलो न्हाई."

पंधरा वर्षं पुरवून पुरवून वापरलेली ती हकिकत अशी एका वाक्यात गेली. गहिनीनाथला राग आला, स्वतःचा आला, साडूचा आला, त्या वाकून नमस्कार करणाऱ्या परक्या माणसाचाही आला. आता सांगून टाकावं, मोकळं व्हावं, असं त्याला वाटलं.

"मी तुमाला शिळ्या जत्रेला धाडलतं," तो म्हणाला. "जाणूनबुजून."

"तेच तर!" परमेश्वरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का?"

वर्षाराणीही कौतुकानं हसली. मनिषा तेवढी हसली नाही. तिनं नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बघून तिकिटांचे गठ्ठे बांधायला लागली. त्या एका नजरेपुढं गहिनीनाथला तोंड लपवायला जागा उरली नाही.

परमेश्वरनं मोबाईल काढून त्याच्या हातात दिला. "हे तुमच्यासाठी. चार दिवस दुसरं काई टाकता आलं न्हाई, मोबाईल ह्यानंच भरला."

त्यात माणसं नव्हतीच. नट-बोल्ट होते. बेअरिंग होतं, ब्रेकच्या पट्ट्या होत्या, चक्रांचे दाते होते, मोटर, तिच्या शेजारचं तेलाचं डबडं, डब्याचा दांडा जिथं चक्राला जोडतात तो सांधा, खालून काढलेला, कडेनं काढलेला, जवळून काढलेला. तीनशेवर फोटो होते. काहींत परमेश्वरचं बोट आलं होतं. एकात कुंपणाच्या जाळीतून आत घातलेला त्याचा हात दिसत होता. पाळण्याची भीती वाटणारा माणूस चार गावांत प्रत्येक पाळण्याखाली वाकून वाकून हिंडला होता.

"लोक तोंडाचे फोटो काढतात," परमेश्वर जरा ओशाळून म्हणाला. "म्हणलं तुमाला तोंडं काय करायची. तुमाला हे बघायचंय."

गहिनीनाथ फोटो सरकवत राहिला. परमेश्वरच्या जागी आपण गेलो असतो तर साडूसाठी काय आणलं असतं, असा एक विचार त्याच्या मनात आला आणि उत्तर माहीत असल्यामुळे त्यानं तो तिथंच सोडला.

वैष्णवी पाळण्यापाशी जाऊन डब्याला हात लावून उभी होती. काका आज पाळणा फिरवत नाहीत का, असं तिनं विचारलं. गहिनीनाथच्या आधी परमेश्वरच बोलला. आज शिळी जत्रा आहे बाळा, काकांनी एकटीसाठी डिझेल कशाला जाळायचं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गहिनीनाथला सोपं गेलं असतं.

तो उठला आणि त्यानं जनरेटर सुरू केला. रिकाम्या मैदानात तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. वैष्णवीला त्यानं एका डब्यात बसवून साखळी लावली, मग समोरचा डबा खाली आणला. तोल साधायला कुणीतरी हवं होतं. "ये, बस," तो मनिषाकडे बघून म्हणाला. तिनं मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तर म्हणत नाहीत ना. मग पदर खोचला, हातातला तिकिटांचा गठ्ठा बहिणीकडे दिला आणि दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून बसली.

पाळणा फिरला. वैष्णवी सराईतासारखी हात सोडून बसली होती. मनिषाचे डोळे पहिले दोन फेरे मिटलेले होते, तिसऱ्याला उघडले. खाली परमेश्वर मोटरीपाशी वाकला होता आणि जपानच्या मोटरीचे काढले तसेच ह्याही मोटरीचे फोटो मन लावून काढत होता.

गहिनीनाथ ब्रेकवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. पोटातली आग विझली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ती विझली नव्हती. तिनं फक्त जागा बदलली. आतापर्यंत त्याला साडूच्या दुकानाचा, गाडीचा, जपानचा हेवा वाटायचा. त्या दिवसापासून त्याला साडूच्या मनाचा हेवा वाटायला लागला, आणि तिथं जायला पेटीतला पासपोर्ट चालत नव्हता.