मे महिन्यातला झिरा

बोरिवलीत आमच्या इमारतीमागे नदी आहे. पावसाळ्यात ती कुंपणाला टेकते. मे महिन्यात पात्रात काळ्या पाण्याची जेमतेम एक धार उरते. गेल्या वर्षी तिच्या तळाला काँक्रीट घालायचं ठरलं. मी विरोध केला, तर कंत्राटदाराचा इंजिनियर म्हणाला, "मॅडम, उन्हाळ्यात हिच्यात स्वतःचं पाणीच नसतं. हे सगळं गटाराचं. तळ पक्का केला तर नदीचं काय जाणार?"

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. "झिरो खणूया," त्या म्हणाल्या. पात्रात खड्डा खणायचा आणि त्यात झिरपणारं पाणी भरायचं, तो झिरा. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा घरात नळ नव्हता. दर उन्हाळ्यात त्या झिऱ्यावरून पाणी आणत. पाणी किती खाली गेलंय ते हात घालून बघत. बऱ्या वर्षी मनगटापर्यंत हात जाई, वाईट वर्षी कोपरापर्यंत.

इंजिनियरला सकाळी सातला बोलावलं. घाईघाईत मी पहिला खड्डा खणला तो नेमका एका नाल्याच्या तोंडाशी. असा काही वास सुटला, की इंजिनियर नाक धरून हसायला लागला.

"अगो, गटाराच्या दारात नदी शोधतंस?" सासूबाई काठावरून ओरडल्या.

मग आम्ही सगळ्या नाल्यांच्या वर, नदी जिथून येते त्या जंगलाच्या बाजूला गेलो. वळणावरच्या मोठ्या दगडाशी त्यांनी जागा दाखवली. मी खणत सुटले. मनगट गेलं, कोपर गेलं, सगळं कोरडं. इंजिनियर घड्याळ बघायला लागला.

"आई, इथेच ना?"

"खण गो! दगड काय चालत गेलो?"

आणखी वीतभर खाली वाळूचा रंग बदलला. मग ती चमकली. मग खड्ड्याच्या बाजूंनी पाणी सुटलं! मी एवढ्या जोरात ओरडले, की वरच्या रस्त्यावर माणसं थांबली. करवंटीनं तीनदा गढूळ पाणी उपसून टाकलं. चौथ्यांदा भरलं ते स्वच्छ, गार, बिनवासाचं.

इंजिनियर शर्टाची पर्वा न करता पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. "आहे की हो!"

"आता बोअरी झाल्या, म्हणून पाणी इतका खाली गेला," सासूबाई म्हणाल्या. "पण आसा."

तो उठून बसला, नकाशा उलगडला. "वरचा पट्टा मोकळा ठेवा असं कळवतो. खालचं माझ्या हातात नाही."

"मग आत्ताच लिहा," मी म्हटलं आणि चिखलाच्या हातानं पेन पुढे केलं.