काठावर सरळ, पाण्यात वाकडा

"साळुंके, मास्ट पडला."

देवधरांचा फोन. सोमवारची सकाळ. नारायण पेठेतल्या माझ्या वर्कशॉपचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं.

गच्चीवर मास्ट उभे करणं हाच माझा धंदा. त्या काळात पुण्यात जिकडेतिकडे सॉफ्टवेअर कंपन्या निघत होत्या आणि प्रत्येकीला गच्चीवर अँटेना हवा असायचा. त्यासाठी मास्ट, म्हणजे एक उंच पाइप, उभा करायचा आणि चारी बाजूंनी तारांनी ताणून धरायचा. या तारांना आम्ही तणावे म्हणतो, तंबूला असतात तसेच. येरवड्याला देवधरांच्या कंपनीवरचा मास्ट मीच उभा केला होता.

"कुणाला लागलं का?"

"नाही. डब्यावर पडला. मिसेस पोहे काढत होत्या."

"गच्चीवर पोहे?"

"गच्ची कुठली हो! बोटीवरचा मास्ट. शिडाची डोलकाठी."

देवधरांनी बोट घेतलीय हे मला तेव्हा कळलं. सेकंडहँड, छोटी, शिडाची. मुंबईत कुणीतरी विकायला काढली होती, ती यांनी खडकवासल्याला धरणावर आणून ठेवली. पहिल्याच रविवारी बायकोला घेऊन गेले आणि वारा सुटण्याआधीच शिडासकट मास्ट पोह्यांवर.

"मिसेस म्हणतात, येत्या रविवारी शेवटचं बसून बघेन. मास्टचं पुन्हा काही वाकडंतिकडं दिसलं तर बोट विकायची. अहो, लहानपणापासून मला..." ऑफिसात पोरांना घाम फोडणारा माणूस, पण आवाज अगदी रडवेला. मला खरंच वाईट वाटलं.

"साहेब, बोटीतलं मला काही कळत नाही."

"मास्ट तो मास्ट. टेन्शन घेऊ नका."

"टेन्शन तर द्यावंच लागेल," मी म्हटलं, "तारांना."

धरणावर जाऊन बोट पाहिली आणि कपाळावर हात मारला. मास्टला तीन तारा होत्या, एक पुढे आणि दोन बाजूंना. तिन्ही गंजून काथ्यासारख्या फुटल्या होत्या. शॅकल म्हणजे तार अडकवायची कडी, तिला आडवी पिन असते. इथे पिनच्या जागी खिळा होता. तोही वाकलेला. उजवी तार तर नायलॉनच्या दोरीने बोटीला बांधली होती, वर छान बो काढलेला.

"ही गाठ कुणाची?"

"माझी," देवधर म्हणाले. "टेम्पररी फिक्स."

"तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पण असंच करता?"

देवधर धरणाकडे बघायला लागले.

मी सगळं जुनं काढून टाकलं. नव्या तारा स्टेनलेसच्या घेतल्या, कड्या नव्या, पिना नव्या. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल लावला. टर्नबकल म्हणजे दोन्हीकडे स्क्रू असलेला सांगाडा. एका दिशेने फिरवला की तार ताणली जाते, उलटा फिरवला की सैल पडते. गच्चीवर आम्ही हेच वापरतो, फक्त इथे दमट हवा म्हणून सगळं न गंजणारं.

शनिवारी काठावर, बोट ट्रॉलीवर असतानाच मास्ट उभा केला. मग खिशातून ओळंबा काढला. मास्टच्या टोकावरून दोरी सोडली, वजन खाली आलं, आणि टर्नबकल फिरवून फिरवून मास्ट असा सरळ केला की देवधरांनी माझा हात धरून हलवला. मीही जरा छाती फुगवून घरी आलो.

रविवारी देवधर मॅडम आल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि बघायच्याही तशाच, म्हणजे चूक सापडेपर्यंत. डबा त्यांनी गाडीतच ठेवला होता.

आम्ही बोट पाण्यात ढकलली. ती एकदा डुलली, स्थिर झाली आणि माझा सरळ मास्ट डावीकडे कलला. चांगला हातभर.

देवधरांचा चेहरा उतरला. काठावर कणीस खात उभे असलेले एक गृहस्थ जवळ आले, त्यांनी मास्टकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मास्ट बरोबर आहे हो. धरणच वाकडं बांधलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रॉली उभी होती उतारावर. एक चाक वर, एक खाली. बोट तिरकी होती आणि मी मास्ट सरळ केला तो ओळंब्याच्या हिशेबाने, बोटीच्या नाही. पाण्यात जाताच बोट सपाट झाली आणि मास्ट तिरका. इतकी वर्षं गच्चीवर काम केलं. गच्ची कधी जागची हलली नाही, मग हे सुचणार कसं?

"बोट विकू या मग," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पाच मिनिटं. फक्त मापायचं कसं ते... बोट डुलतेय, ओळंबा इथे चालत नाही."

"ओळंबा कशाला? मास्टच्या टोकापासून बोटीचे दोन्ही काठ सारख्या अंतरावर हवेत ना? समद्विभुज त्रिकोण. आठवीला आहे. तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

एवढं बोलून त्या साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. शीड वर चढवायची दोरी मास्टच्या टोकावरून खाली येते. तिचं टोक त्यांनी डाव्या काठाला टेकवलं, चिमटीत धरलं आणि उजवीकडे नेलं. चार बोटं कमी पडली.

"डावा सैल करा. उजवा आवळा. अजून. अहो, सावकाश! बास."

दोन्हीकडे दोरी बरोबर टेकली. मी टर्नबकल परत फिरू नयेत म्हणून पिना घातल्या. मॅडमनी हात पुसले, गाडीतून डबा आणला आणि बोटीत बसल्या. देवधरांनी शीड चढवलं. मी काठावर.

पाण्याच्या मध्यावर वारा भरला आणि अख्खी बोट कलली. शिडाच्या बोटी वाऱ्यात कलतातच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मास्ट सकाळच्या तिप्पट वाकडा! आता बोट जाणार, देवधरांचं लहानपण जाणार, आणि माझी अब्रू या कणीसवाल्यासमोर जाणार. मी ओरडलो, "मॅडम! मास्ट!"

त्या बोटीच्या वर उचललेल्या काठावर बसल्या होत्या, मांडीवर पोह्यांचा डबा. त्यांनी मान वर करून मास्टकडे पाहिलं, मग खाली बोटीकडे.

"अगदी सरळ आहे!" त्या ओरडल्या.

बोट विकली गेली नाही. ओळंबा अजून माझ्या खिशात असतो. पण काम घेताना आता आधी विचारतो, सरळ हवंय ते कुठे बसून बघणार?