शकूचा शेक

आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर कोणाचा पाय मुरगळला की तो आधी शकूच्या दारात, मग डॉक्टरकडे. बहुतेक वेळा डॉक्टरपर्यंत जावंच लागायचं नाही, हे मी तिची शेजारीण म्हणून छातीठोक सांगते. शकू मूळची जालन्याकडची. दिवसभर पोळीभाजी केंद्रात पोळ्या भाजायच्या, आणि घरी आली की विटेचा तुकडा गॅसवर तापवायचा, निर्गुडीचा पाला, वर सुती फडकं, झाला शेक. तव्यावर राबून राबून तिच्या तळहातांना चटका म्हणून कळायचा नाही. म्हणून वीट किती तापली ते ती समोरच्याच्या तोंडावरून ओळखायची. "सोसतंय का रे? ओरडलास की काढते." पोरगं ओरडलं की शकू हसायची आणि वीट बाजूला ठेवायची.

तिची लेक तेजल कबड्डी खेळते. खेळायची म्हणू? नाही निघत माझ्या तोंडून. उपनगरच्या संघाची निवड जवळ आलेली, पोरीचं नाव सगळ्यांनी पक्कंच धरलेलं. सरावात चढाईला गेली, समोरच्या पोरीने घोटा धरला, बाकीच्या धाडधाड अंगावर पडल्या. घोट्याच्या जरा वर दोन हाडांना एकत्र बांधून ठेवणारं लिगामेंट असतं म्हणे, तेच तुटलं.

डॉक्टर भला माणूस, खोटं कशाला बोलू. त्यांनी सगळं समजावलं. दोन्ही हाडांतून आरपार भोक पाडायचं, त्यातून मजबूत दोरा ओवायचा, दोन्ही टोकांना धातूची बटणं, की हाडं जागेवर राहतील. धोकेही सांगितले. आत जंतू शिरू शकतात, दोरा सैल पडू शकतो, बटणाखाली नस दाबली गेली तर तिथे बधिर होऊ शकतं. शकूने एवढंच विचारलं, "खेळेल ना?" ते म्हणाले, "बहुतेक." त्या बहुतेकवर आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

ऑपरेशनने पाय घट्ट झाला, पण घोट्याच्या आतल्या बाजूला तेजलला काही कळेना. मला म्हणाली, "मावशी, वर रबर चिकटवलंय असं वाटतं गं." डॉक्टर म्हणाले, नस दाबली असेल, जरा वाट बघू, मालिश मात्र अजिबात करू नका.

शकूने ऐकलं. मालिश नाही केली. शेक दिला.

टाके नुकतेच निघाले होते. "सोसतंय का?" "हो." मग अजून थोडा वेळ. पोर ओरडत नाही म्हणून शकू खूश. मला म्हणते, "बघ प्रेमा, कशी सोसते! मोकळी होणार बघ हिची नस." वीट उचलली तर फडक्याला कातडी चिकटून आली. अगं आई गं! तेजल नुसती विचारत होती, "काय झालं? तुम्ही दोघी अशा का बघताय?"

जखम उघडली, पू झाला, पोर तापाने फणफणली. जंतू पार बटणापर्यंत गेले. धातूवर बसलेले जंतू नुसत्या औषधाने जात नाहीत, डॉक्टर म्हणाले, काढावंच लागेल, आणि लिगामेंट तर अजून जुळलेलंही नाही. "भाजलं कसं?" शकू तोंड उघडायच्या आत तेजल बोलली, "माझ्या हातून गरम पाणी सांडलं." असा राग आला मला त्या पोरीचा, आणि मायाही. कोणाला काय बोलणार?

बटणं निघाली. हाडं पुन्हा सैल. जखम भरू दे, आधी नीट चालता येतं का बघू, म्हणाले. कबड्डीचं आम्ही कोणी विचारलंच नाही.

शकू खाटेच्या पायथ्याशी बसून. कामावर नाही, जेवण नाही. मी ओरडले, "अगं, मुद्दाम केलंस का तू?" पायाची पट्टी जरा सरकलेली. ती सारखी करायला शकूचा हात पुढे गेला आणि अधांतरीच थांबला.

तेजलने ते बघितलं.

"लाव ना गं हात, आई," ती म्हणाली. "मला तिथे कळत नाहीच काही."

शकूने हात मागे घेतला, मांडीखाली सारला आणि त्याच्यावर बसून राहिली.