केस फुकट जाईल

सकाळी वॉर्डात पोचलो तेव्हा महादेव जाधव हॉस्पिटलचे कपडे बदलून पलंगावर बसले होते. पायाशी भरलेली पिशवी होती. त्यांची बायको शालन खिडकीकडे तोंड करून उभी होती. दुसऱ्या दिवशी जाधवांच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि ते गावी निघाले होते.

"सर, ये तो लामा हो रहा है," सिस्टर म्हणाली. डॉक्टरांचा सल्ला न जुमानता घरी जाणाऱ्या पेशंटला आमच्याकडे 'लामा' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांतून तयार झालेला शब्द आहे, मठाशी त्याचा काही संबंध नाही.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिकल सोशल वर्कर आहे. पेशंट आणि हॉस्पिटल यांच्यात जिथे अडतं तिथे मला बोलावतात. दिल्लीत ज्या खासगी हॉस्पिटलांना सरकारने सवलतीत जमीन दिली, त्यांना काही बेड गरिबांसाठी मोफत ठेवावे लागतात. आमच्या भाषेत ईडब्ल्यूएस बेड. जाधव अशाच एका बेडवर होते. मूळचे विट्याकडचे. करोल बागेत सोनं गाळण्याच्या दुकानात भट्टीवर काम करायचे. आता जिना चढतानाही त्यांना मध्येच बसावं लागत होतं. झडप बदलली नाही तर फार काळ काढता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी आधी मेडिकल सुपरिंटेंडंट डॉ. भसीन यांच्या केबिनमध्ये गेलो. भसीनसाहेब माणूस वाईट नाही, पण या बेडांचा विषय निघाला की त्यांचं नेहमीचं सुरू होतं. सरकारने स्वतःची हॉस्पिटलं चालवावीत, आमच्या गळ्यात कशाला?

"फ्री दिया, फिर भी जा रहा है," ते म्हणाले. "देखा? जिसका पैसा नहीं लगता, उसकी कदर नहीं होती."

मी म्हटलं, जमीनही आपल्याला जवळजवळ तशीच मिळाली आहे सर, आपण तिची कदर करतोच की. ते हसले. "यार, आप घर का झगड़ा ऑफिस में मत लाओ."

हे बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा उतरला. कारण घरातलं भांडण आता उरलं नव्हतं. माझी बायको सुधा सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होती. जेवताना आमचा हा वाद ठरलेला. ती म्हणायची, आजाराचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा, नाहीतर देश कशाला म्हणायचं? मी म्हणायचो, खासगी पैसा आल्याशिवाय मशिनं येत नाहीत आणि रांगा हलत नाहीत. गेल्या हिवाळ्यात ती गेली. शेवटचे उपचार खासगी हॉस्पिटलात झाले, खर्च तिच्या सरकारी नोकरीच्या योजनेतून. "बघ," ती पडल्यापडल्या म्हणाली होती, "बेड तुझ्या बाजूचा, बिल माझ्या बाजूचं. आता कुणाशी भांडशील?"

भसीनसाहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "जाइए, समझाइए उसको," ते हळू आवाजात म्हणाले.

मोफत आहे म्हणून जाधवांना कमीपणा वाटत असेल, अशी माझी समजूत होती. खुर्ची ओढून मी त्यांच्याजवळ बसलो आणि समजावू लागलो. तेच सर्जन, तेच थिएटर, झडपही तीच. पैसे भरणाऱ्याला वेगळी आणि तुम्हाला वेगळी, असं काही नाही. जाधवांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तसं न्हाई सायेब," ते म्हणाले. "तुमी चांगलंच करताय. पर डॉक्टरीणबाई काल सोताच बोलल्या. केस फुकट जाईल म्हनल्या. फुकटच जायाची तर छाती कशाला फाडून घिऊ? मरायचं ते गावाकडं तरी मरू."

शालन खिडकीशीच उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला.

सुधा गेल्यावर एका नातेवाइकाने फोनवर हळहळत हेच म्हटलं होतं, एवढं केलंत, सगळं फुकट गेलं हो. त्यामुळे हा शब्द जाधवांना कुठे लागला असेल ते मला वेगळं समजून घ्यावं लागलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. सायली. जन्म, शाळा, कॉलेज सगळं दिल्लीचं. मराठी फक्त घरातली, तीही आजीबरोबर बोलण्यापुरती. मराठी पेशंट आला की तिला आनंद व्हायचा, मुद्दाम येऊन बोलायची. मी तिला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं आणि काल ती काय म्हणाली ते विचारलं.

"काका, तेच, जे काउंटरवर बोलतात. ये केस फ्री में जाएगा. मी म्हटलं, टेन्शन नका घेऊ, तुमची केस फुकट जाईल."

मी तिला मराठीत 'फुकट जाणं' म्हणजे काय ते सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "आणि मी हसत हसत बोलले ते," ती म्हणाली. मी म्हटलं, आता जाऊन तूच सांग, माझ्यापेक्षा तुझंच ऐकतील.

ती जाधवांच्या पलंगाजवळ चक्क उकिडवी बसली. "काका, माझं मराठी कच्चं आहे," ती म्हणाली. "मला म्हणायचं होतं, पैसे लागणार नाहीत. ऑपरेशन चांगलं होईल असं मोठ्या सरांना वाटतं. धोका थोडा असतोच, तो मी आधी सांगितलाय. पण फुकट जाणार, असं कुणीच म्हटलेलं नाही."

जाधव तिच्याकडे बघत राहिले. मग शालनला म्हणाले, "आगं, पोरगी हिंदीतनं बोलत हुती." शालन तिथेच खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली.

पिशवी पलंगाखाली गेली. थोड्या वेळाने जाधवांनी मला विचारलं, "मग पैसं भरतंय कोन?"

या प्रश्नावर मी घरात वर्षानुवर्षं वाद घातला होता. त्यांना एवढंच म्हणालो, जमीन लोकांची, ती सरकारने हॉस्पिटलला स्वस्तात दिली, त्याच्या बदल्यात हे. आणि तुम्हीही साबण-चहा घेताना सरकारला कर देताच.

"म्हंजे थोडं आमचं बी हाय व्हय," म्हणत ते आडवे झाले.

ऑपरेशन नीट झालं. तपासणीसाठी येतात तेव्हा जाधव आता जिन्याने वर येतात आणि सायलीला मुद्दाम विचारतात, "काय डॉक्टरीणबाई, केस गेली का फुकट?"

सुधाचा आणि माझा वाद मात्र अर्धाच राहिला. ती समोर नसताना तो जिंकण्यात मला रस नाही. सरकारी पैसा की खासगी, यावर भसीनसाहेब मला अजून छेडतात, पण हल्ली मी ऐकून घेतो.

परवा सायलीने विचारलं, "काका, मग 'फुकट' हा शब्द वापरायचा तरी कुठे?"

मी म्हटलं, "कुठेही वापर. हॉस्पिटलात नको."