न चाखलेली खीर

२१ एप्रिल २०२१, बुधवार. रामनवमी. दूध वेळेवर. वर्तमानपत्र अजून बंदच. बी ब्लॉकच्या अय्यरना अखेर बेड मिळाला. दुपारी समोरून नैवेद्याचा डबा आला. भाजी उत्तम. खीर लागलेली.

या नोंदीतले शेवटचे दोन शब्द लिहून मी थांबले, कारण ती खीर कुमुदिनीची होती.

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत कुमुदिनी माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. माहेर कराडचं. लग्न होऊन आली तेव्हा भाजीवाल्याशी बोलायलाही मला बरोबर नेत असे, आणि दोन वर्षांत त्याच भाजीवाल्याला कोथिंबिरीवरून हिंदीत दटावू लागली. पुढे एका छोट्या प्रकाशकाकडे हिशेबाला लागली. सकाळी पोळ्या करून, ओल्या केसांनीच मेट्रो गाठायची. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मालकाने सांगितलं, सध्या येऊ नका. ते सध्या काही संपलं नाही. तिचा नवरा पद्माकर केंद्राच्या एका मंत्रालयात आहे. त्याचं ऑफिस घरी, तिच्या टेबलावर आलं. कामवालीला गेटच्या आत बंदी झाली. तेव्हापासून तिच्याबद्दल कोणी विचारलं की घरातले म्हणत, ती घरीच असते. आणि घरीच असणाऱ्या कुमुदिनीला दिवस पुरत नसे.

त्या एप्रिलमध्ये आधी पद्माकर आजारी पडला, मग त्याची आई कांतावहिनी. कुमुदिनीला ताप नव्हता, म्हणून तिची तपासणी कोणी केली नाही. ती काढे देत होती, वाफेची भांडी उचलत होती, आणि मी एकटी म्हणून माझाही डबा दाराच्या मुठीला अडकवून जात होती. मी नको म्हटलं की म्हणायची, "चार पोळ्या लाटल्या तिथे दोन जास्त, काकू."

त्यांच्याकडे देवाला दाखवल्याशिवाय कोणी काही चाखत नाही. स्वयंपाक करणारीनेही नाही. कुमुदिनीला वासावरून कळायचं. आमटीत मीठ पडलं की नाही, रवा पुरता भाजला की नाही, ती कढईवर नुसती वाकून सांगायची. कांतावहिनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना हे कौतुकाने सांगत.

आता त्या घरात आजारी दोघांना वास येत नव्हता, आणि जळक्या दुधाचा वास कुमुदिनीलाही आला नव्हता. तो फक्त माझ्याकडे पोचला.

मी तिला फोन लावला. खिरीचं काही बोलले नाही. सुंठवड्याची सुंठ विकतची की घरी कुटलेली, विचारलं.

"घरीच कुटली."

"ठसका लागला का गं?"

सुंठ कुटताना आमच्या घरात शेजारच्या खोलीतला माणूसही शिंकतो. ती हळूच म्हणाली, "नाही, काकू. चार दिवस झाले, कशाचाच वास येत नाही. कोणाला सांगू नका. मी आडवी झाले तर यांचं कोण करील?"

वाक्याच्या मध्ये ती दोनदा श्वासाला थांबली होती. बोटाला ते ऑक्सिमीटर लाव म्हटलं, तर म्हणे ते ह्यांच्या उशाशी आहे आणि ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय. मी फोन ठेवला आणि पद्माकरला फोन करून उठवलं.

तो म्हणाला, "काकू, ती तर मघाशीच चहा ठेवून गेली. बिल्कुल ठीक आहे."

"तिच्या बोटाला लाव. मी फोनवरच आहे."

पावलं ऐकू आली, भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला की सेल गेलाय वाटतं. स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, तर सत्त्याण्णव. पुन्हा तिच्या बोटाला लावलं. आकडा नव्वदच्या खालीच. "कुमुद, खाली बस," एवढंच मला ऐकू आलं, आणि त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

त्या दिवशी दिल्लीत बेड मागून मिळत नव्हता. डॉक्टर फोनवर भेटले. त्यांनी पालथं झोपायला सांगितलं, औषधं लिहून पाठवली. पद्माकरने ऑफिसातल्या प्रत्येकाला फोन केले. दिल्लीतल्याच द्वारकेच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना लागलेलं ऑक्सिजनचं मशीन रिकामं झालं होतं, ते संध्याकाळपर्यंत आलं. वडील बरे झाले होते की नाही, कोणी विचारलं नाही.

पुढचे दिवस मी मऊ भात, मेतकूट, मुगाचं वरण करून डबा समोरच्या मुठीला अडकवत होते. पालथी पडूनही कुमुदिनी सूचना देत असे, दुधाची पिशवी फ्रीजरमध्ये नको, आईंची गोळी जेवणाआधी. एकदा कांतावहिनी भिंत धरत तिच्या दारापर्यंत गेल्या आणि स्टुलावर बसल्या. हे पद्माकरनेच मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "यापुढे देवाआधी तू चाखत जा. देवाचं मी बघते."

"चालेल ना, आई?" तिने विचारलं.

"मला चालतं."

मे महिन्याच्या मध्यावर मशीन परत गेलं. कुमुदिनी बाल्कनीत खुर्चीवर बसू लागली. केस विंचरताना हात दुखतात म्हणाली, आणि पोळ्या कधी जमतील अशी चिंता करू लागली. अशाच एका संध्याकाळी मी रोजच्यासारखी नोंद केली.

गॅस आज बदलला. पद्माकर जिरं मागायला आला. कुमुद झोपली होती, जिऱ्याचा डबा कुठला ते विचारायला त्याला तिला उठवायचं नव्हतं. वाटीभर दिलं.