तीनदा गेलेला चेहरा

तुमसरच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. दसऱ्यानंतरच्या त्या आठवड्यात मात्र तो उचलून रस्त्यावर आपटावासा वाटत होता.

आंधळगावचे एक काकाजी आले होते. बायको वारली होती, तेरवी चार दिवसांवर. तिचा एकटीचा फोटो घरात एकही नव्हता. पुतणीच्या लग्नातला एक गर्दीचा फोटो तेवढा होता. त्यात ती मागच्या रांगेत, चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्यावर ओलीचा पिवळा डाग.

"एवढी एकच काढून मोठी करून दे बाई. तेरवीले समोर ठेवाले पाहिजे."

"देते," म्हणून बसले. माझी जीभ नेहमीच माझ्या पुढे धावते.

फोटो जास्तीत जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन केला. फाइल झाली अवाढव्य. डाग पुसला, एक डोळा जमवला, कपाळावर कुंकू भरलं. सेव्हला टाकलं आणि ते अर्ध्यावर असतानाच स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केला तर फाइल उघडेचना. काकाजी मागच्या बाकावर बसून सगळं पाहत होते.

डिस्क भरली असेल म्हणून जुनी लग्नं काढून दुसरीकडे टाकली. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरला मेमरी वाढवून दिली. दोन्ही डोळे झाले, ओठ झाले, पुन्हा अंधार. दुरुस्तीवाल्याने फोनवरूनच सांगितलं, रॅम बदला. नागपूरहून रॅम येईपर्यंत तेरवी उरकली असती. कमी रिझोल्यूशनवर स्कॅन करून पाहिलं तर डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. पासपोर्ट फोटो मात्र हा गडी मुकाट्याने करायचा! मोठी फाइल दिसली की याच्या अंगात यायचं.

काकाजी रोज सकाळच्या बसने यायचे आणि बाकावर बसायचे. तिसऱ्या दिवशी चेहरा जवळजवळ पुरा झाला होता. तोही गेला. मी माऊस आदळला, कॉम्प्युटरवर हात मारला आणि हात चटकन मागे घेतला. वरची जाळी तव्यासारखी तापली होती.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. थंड झाल्यावर झाकण उघडलं. आतला पंखा जागचा हलत नव्हता. पात्यांमध्ये झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता घट्ट चिकटून बसल्या होत्या. दसऱ्याला मीच पूजा केली होती, मोठ्या भक्तिभावाने, मूठभर अक्षता थेट जाळीवर टाकून. तीन दिवस साऱ्या जगाला शिव्या घातल्या आणि चोर निघाले मी.

ब्रशने एकेक दाणा काढला. पंखा फिरू लागला. चौथ्या दिवशी सकाळपासून बसून चौथ्यांदा तोच डाग, तेच डोळे, तेच कुंकू. आता हाताला पाठ झालं होतं. फाइल सेव्ह झाली, प्रिंटही निघाली. तेरवी दुसऱ्या दिवशी होती.

"झालं काकाजी! तुम्हाला फार फेऱ्या पडल्या, माझीच चूक होती."

त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ पाहिला.

"आता तं नाही जात ना ही?"

"नाही, आता कुठं जाते!"

मी कॉम्प्युटर बंद केला होता, त्याच्या काळ्या स्क्रीनकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"तीन दिस झाले, रोज थोडी थोडी येताना पाहून राहिलो होतो तिले. अगुदर डोळे, मंग कुंकू." मग फोटो पिशवीत घालत हळूच म्हणाले, "आखीन एक डाव बंद पडला असता, तं चाललं असतं बाई."