खड्ड्यातला खुंट

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याजवळ पाझर तलावाचं काम चालू होतं. तिथं मी पत्रकं घेऊन गेले. बायकांच्या एका टोळीला सरकारची लबाडी सांगता सांगता, आपणही कष्टकरीच आहोत हे दाखवायला, मी टिकाव उचलला. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवलेला होता. बोलण्याच्या भरात चार घावांत मी तो पाडला.

टोळीची म्हातारी मुकादमीण मटकन खाली बसली. "अगं बाई, काय केलंस ह्ये! त्या खुंटावरनंच खोली मोजत्यात. आता आठवड्याचं काम कुनाला दावू?"

मापं लिहिणारा सरकारी ओव्हरसियर आला आणि खुंट नाही म्हणून अंदाजाने निम्मीच खोली लिहून निघाला. मी त्याच्यामागे धावले, ओरडले, चूक माझी आहे म्हणाले. तो वळलासुद्धा नाही. आठ बायकांची आठवड्याची निम्मी मजुरी मी बुडवली होती. व्यवस्थेला कितीही शिव्या दिल्या तरी तो खुंट परत उभा राहणार नव्हता. त्याच खड्ड्यात स्वतःला गाडून घ्यावंसं वाटलं.

"रडती कशाला? पडला त्यो पडला," म्हातारी म्हणाली. "उद्या नवा खड्डा हाय. ये, पर तोंड बंद आन् नजर टिकावावर."

दुसऱ्या दिवशी मी पत्रकं घरी ठेवून गेले. नव्या खुंटापासून हातभर लांब मी खणायला लागले.

"आजून लांब," म्हातारी म्हणाली.

मी आणखी मागे सरकले.